पाठ हवी आहे

आधी लिहिलं होतं, स्वयंसेवक हवेत.
गुदैबियातल्या लाँड्रीवाल्या कुंजुमोनने
काचेला कागद चिकटवता चिकटवता विचारलं,
कसला मोर्चा आहे?
मग खोडलं. नवीन लिहिलं:
दुखणारी पाठ हवी आहे.

वय वीस ते पन्नास.
कंबर तीन महिन्यांहून जास्त धरलेली.
मणक्याचं ऑपरेशन झालेलं नसावं,
पायाला मुंग्या येत असतील तर घेता येणार नाही.
चार शुक्रवार, चाळीस चाळीस मिनिटं.
पैसे नाहीत, बसभाडं आणि चहा.
चार भाषांत लिहिताना जागा पुरेना,
मल्याळममधलं दुखणं घसरून
इस्त्रीच्या दरपत्रकावर गेलं.

आठवड्यात अकरा फोन, त्यातले सहा नोकरीसाठी.
एकाने विचारलं, पगारातून किती कापणार?
काहीच नाही म्हटल्यावर त्याने फोन ठेवून दिला.

डॉक्टर हालिमांना तीस पाठी हव्या होत्या.
पंधरांवर उपचार. पंधरांवर नुसते हात:
त्याच जागी, तेवढाच वेळ ठेवायचे
आणि काहीही करायचं नाही.
कोणाच्या वाट्याला काय, ते बंद पाकिटात,
आणि पाकीट फक्त मी फोडायचं.

म्हणून हिद्दच्या गोदीबाहेर उभी राहिले.
ऑगस्टची संध्याकाळ, चष्म्यावर वाफ,
कॅम्पची बस सुटायला सात मिनिटं.
"बाय, कोणाची पाठ दुखणा नाय ता इचार,
बिगी बिगी आटापतला."
हा लवू तारी, देवबागचा, वेल्डर,
टाकीत आडवा पडून डोक्यावरचा पत्रा जोडणारा.

दुखणं शून्य ते दहा, किती?
"सात लिव. आठ लिवलंस तर फोरमनाक कळतला."
नाव कुणाला कळत नाही, तुम्ही आता सतरा नंबर.
तो हसला. कॅम्पात चव्वेचाळीस,
गोदीत सहाशे दोन, आणि हंय सतरा.
झोप लागते?
"पैसे पाठवल्यार त्या रात्री बरी लागता."
पाठवण्यात पाठ आहे
हे मला फॉर्म भरताना पहिल्यांदा दिसलं.
त्याला रकाना नव्हता.

सतराच्या पाकिटात नुसते हात निघाले.

पहिल्या शुक्रवारी तो टेबलाच्या भोकातून
फरशीशी बोलत राहिला:
पाठच्या बहिणीचं घर, त्यावरची कौलं,
कौलांचा भाव.
दुसऱ्या शुक्रवारी गप्प.
माझ्या बोटांखाली, कमरेच्या डाव्या बाजूला,
सुपारीएवढी गाठ.
तिला काय हवंय ते मला माहीत होतं.
परीक्षेत त्याच गाठीवर मला अठरा गुण मिळाले होते.

तिसऱ्या शुक्रवारी तो घोरायला लागला
आणि माझा अंगठा हलला.
फार नाही. श्वास सोडताना जेवढा हलतो तेवढा.
आणखी थोडा.
गाठ सुटली. त्याला जागही आली नाही.

रात्रभर वही उघडून बसले.
मग लिहिलं, जसं घडलं तसं.
डॉक्टर हालिमांनी दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, म्हणाल्या, सतरा बाद.
नवी पाठ शोध.

लवू तारीला सांगितलं, तुम्ही आता यायचं नाही.
का, ते सांगायची परवानगी नव्हती.
त्याने चहा संपवला, कप विसळून उपडा घातला.

पुढच्या शुक्रवारी दारात दोघं.
"हेका घे. येल्लय्या. माझ्याच टाकीत असता.
सगळा पढवून आणलंय."
वय? चाळीस. ऑपरेशन? नाही. कंबर? सात.
पायाला मुंग्या येतात?
येल्लय्याने लवूकडे पाहिलं.
लवूने छताकडे.
"मुंगी नाही मॅडम. एक पण मुंगी नाही,"
म्हणाला,
आणि डाव्या पायाच्या बोटांनी
उजवी पोटरी खाजवत उभा राहिला.